देवाच्या घरची बेगमी

बद्रीनाथाचं देऊळ हिवाळ्यासाठी बंद करायला पाच दिवस लागतात. दार कधी लावायचं याचा मुहूर्त विजयादशमीला जाहीर होतो आणि बहुतेक वर्षी तो नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास येतो. मग एकेक खोली आवरावी तशी निरवानिरव सुरू होते. पहिल्या दिवशी आवारातल्या गणपतीचं दार लागतं. दुसऱ्या दिवशी आदिकेदारेश्वराचं आणि शंकराचार्यांच्या मंदिराचं. तिसऱ्या दिवशी खड्ग आणि पोथी यांची पूजा होते आणि वेदपठण थांबतं. चौथ्या दिवशी लक्ष्मीला कढईचा नैवेद्य दाखवून गाभाऱ्यात येण्याचं आवतण दिलं जातं. पाचव्या दिवशी मुख्य दार.

मात्र नुसत्या आवतणाने लक्ष्मी आत येत नाही, कारण आत थोरले दीर बसलेले असतात. उन्हाळ्याचे सहा महिने उद्धवाची मूर्ती बद्रीनाथांच्या शेजारी असते. उद्धव कृष्णाचा सखा, आणि नात्याने वडीलधारा. त्याच्यादेखत लक्ष्मी नवऱ्याजवळ बसणार कशी? म्हणून आधी उद्धवाला बाहेर आणतात आणि मगच लक्ष्मी आत जाते. तिला उचलून न्यायचं काम मुख्य पुजाऱ्याचं, म्हणजे रावळांचं. पण परपुरुषाने तिला हात लावायचा तरी कसा? रावळ त्या दिवशी स्त्रीवेष करतात आणि लक्ष्मीची सखी होऊन तिला गाभाऱ्यात नेतात. हे रावळ केरळातले नंबूदिरी ब्राह्मण. नारळी-पोफळींच्या मुलखातून आलेला हा माणूस 3,100 मीटर उंचीवरच्या देवाच्या थंडीची काळजी वाहतो.

देव स्वतः कुठे जात नाही. काळ्या शाळिग्राम शिळेची पद्मासनातली ती मूर्ती जागच्या जागी राहते आणि तिच्या अंगावर लोकरीचं कांबळं पांघरलं जातं. हे कांबळं दुकानातून आणलेलं चालत नाही. बद्रीनाथाहून सुमारे तीन किलोमीटरवर माणा हे भोटिया समाजाचं गाव आहे. तिथल्या कुमारिका उपास धरून एका दिवसात लोकर कातून, विणून ते पुरं करतात. काम दुसऱ्या दिवसावर टाकायची मुभा नाही. मग त्या कांबळ्याला तूप थापतात. लोकर आपल्या तंतूंत हवा धरून ठेवते, तुपाचा थर ओल अडवतो. लोकरीला काहीतरी पाजून ती कामाची करायची, ही रीत आपल्या सनगरांनाही नवी नाही. घोंगडीच्या ताण्याला ते चिंचोक्याची खळ देतातच. एप्रिल-मेमध्ये दार उघडलं की कांबळ्यावरचं तूप पाहिलं जातं. तूप ओलसर असेल तर वर्ष बरं जाणार, सुकलेलं असेल तर धास्ती. नंतर त्याच कांबळ्याचे धागे प्रसाद म्हणून वाटले जातात. दार लावताना आत तेवता ठेवलेला अखंड दीप बघायलाही पहिल्या दिवशी झुंबड उडते.

बाकीची मंडळी खाली उतरतात. उद्धव आणि कुबेर पांडुकेश्वराला येतात, शंकराचार्यांची गादी जोशीमठाच्या नृसिंह मंदिरात. केदारनाथाची दारं भाऊबीजेला लागतात. तिथलं लिंग हलवता येत नाही, म्हणून ते भस्माने झाकून देवाला समाधी दिली असं मानतात आणि पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसून उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. गंगोत्रीची गंगा दिवाळीच्या पाडव्याला मुखबा गावी निघते. ते तिचं माहेर. यमुनोत्रीला तर भाऊ स्वतः न्यायला येतो. यमुना आणि शनी ही दोघं सूर्याची लेकरं, म्हणून भाऊबीजेला खरसालीहून शनीची डोली बहिणीला आणायला वर जाते.

माणसंही याच सुमाराला उतरतात. माणाचे लोक जनावरं आणि चीजवस्तू घेऊन खालच्या गावांतल्या हिवाळी घरांत येतात. वर बर्फात घर बंद, खाली दुसरं घर उघडं. देवाचं पंचांग आणि मेंढपाळाचं पंचांग एकच आहे. वर राहिलेल्या बद्रीनाथांचं काय, याला तिथलं उत्तर तयार असतं: सहा महिने माणसांनी पूजा करायची, सहा महिने देवांनी, हिवाळ्यात नारद पूजा करतो.

आता प्रश्न असा, की ज्याने थंडी निर्माण केली असं आपण मानतो, त्याला थंडी वाजते का? आणि वाजत नसेल तर हा सगळा खटाटोप कुणासाठी?

हा आधुनिक माणसाचा चावट प्रश्न नाही. भारतीय दर्शनांनी तो फार पूर्वी आणि बराच कठोरपणे विचारला आहे. त्यातही कठोर ठरले ते वेदांवर ज्यांची सर्वाधिक निष्ठा होती ते मीमांसक. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिताना शबरस्वामी सांगतात की देवतेला शरीर नसतं, ती काही खात नाही आणि तिच्या मालकीचं काही नसतं. इंद्राच्या बाहूंची वर्णनं वेदांत आहेत, ती निव्वळ स्तुती. देवता जेवत असती तर नैवेद्य कमी झाला असता. मधमाशी फुलातला रस घेते तशी देवता अन्नाचा रस घेते, म्हणून नैवेद्य नंतर बेचव लागतो, असं कुणी सुचवलं तर शबरस्वामींचं उत्तर खास आहे: अन्न बेचव होतं ते वारा लागून आणि गार पडून. म्हणजे यज्ञात थंडी कुणाला लागत असलीच तर ती ताटातल्या अन्नाला. यज्ञ करायचा तो विधी आहे म्हणून. देवतेला खूश करायला नव्हे.

शंकराचार्यांना हे पटलं नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायावरच्या भाष्यात त्यांनी देवतांना शरीर असतं, त्या एकाच वेळी अनेक शरीरं धारण करू शकतात आणि त्यांनाही ब्रह्मविद्येचा अधिकार आहे, अशी बाजू मांडली. पण त्यांच्याच नावावर परंपरेने ‘परापूजा’ हे छोटं स्तोत्रही दिलं आहे आणि त्याचा सूर नेमका उलटा आहे. जे सगळीकडे भरून आहे त्याला आवाहन कुठून करणार, जे विश्वाला पोटात घेऊन आहे त्याला वस्त्र कोणतं नेसवणार, असे प्रश्न ते पूजेच्या एकेका उपचाराला धरून विचारतं. स्तोत्र खरोखर शंकराचार्यांचं आहे की नाही हा वाद अभ्यासकांचा. भाविकांनी मात्र ‘परापूजा’ही त्यांची मानली आणि बद्रीनाथाच्या पूजेची घडीही त्यांनीच बसवली असं मानलं. देवाला वस्त्र कसलं, असं विचारणाऱ्याच्या परंपरेत देवाला तुपाचं कांबळं पांघरलं जातं, आणि यात विसंगती आहे असं तिथे कुणाला वाटत नाही.

विसंगती का वाटत नाही, याचं सर्वांत नेटकं उत्तर श्रीवैष्णव आचार्यांनी दिलं. त्यांच्या मते मूर्ती हा देवाचा अवतारच, अर्चावतार. राम-कृष्णांचे अवतार एका काळापुरते होते. मूर्ती मात्र आज, इथे, हाताला लागेल अशी आहे. हे सुलभपण देवाने एक किंमत मोजून घेतलं आहे: मूर्तीत तो परतंत्र होतो. पुजारी स्नान घालेल तेव्हा स्नान, जेवू घालेल तेव्हा जेवण. ज्याला कशाचीच गरज नाही त्याने आपण होऊन गरजू व्हायचं पत्करलं, असा हा सिद्धान्त. मग थंडी ‘वाजते का’ हा प्रश्नच मागे पडतो. देवाने स्वतःला सेवेकऱ्याच्या हवाली केलं आहे. आता पांघरूण घालायचं की नाही, एवढंच सेवेकऱ्याच्या हातात उरतं.

वल्लभाचार्यांच्या (1479–1531) पुष्टिमार्गाने हाच विचार थेट घरात आणला. तिथे पूजा नव्हे, ‘सेवा’ म्हणतात, आणि सेवेची कसोटी एकच: ठाकूरजींना सुख झालं का? वल्लभाचार्यांचे चिरंजीव विठ्ठलनाथ यांनी या सेवेची वर्षभराची बारीक आखणी केली. उन्हाळ्यात चंदन, वाळा, कारंजी. हिवाळ्यात रुईभरल्या बंड्या, केशरी पदार्थ आणि देवापुढे पेटती शेगडी. या पंथाचं मुख्य दैवत श्रीनाथजी 1672 मध्ये नाथद्वाऱ्याला आले. तिथे आजही ऋतू पालटला की देवाचा पेहराव, थाळी आणि गाण्याचे राग, तिन्ही पालटतात. जगन्नाथपुरीला मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला ‘ओढण षष्ठी’ असते. त्या दिवसापासून वसंत पंचमीपर्यंत जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांना थंडीचे कपडे. हीच तिथी महाराष्ट्रात चंपाषष्ठी म्हणून खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून साजरी होते. एकाच दिवशी ओडिशात देव पांघरूण घेतो आणि जेजुरीत गरमागरम भरीत खातो.

पंढरपूरची रीत वारकऱ्यांना सांगायला नको. कार्तिकीच्या यात्रेत विठ्ठलाचा पलंग काढलेला असतो. देव रात्रंदिवस दर्शनाला उभा. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री शीण जावा म्हणून आयुर्वेदी काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि देव पुन्हा निजायला लागतो. थंडी सुरू झालेलीच असते, त्यामुळे पुढचे दिवस अंगावर शाल आणि डोक्याला कानपट्टी. गुढीपाडव्यापासून चंदनउटी सुरू होते तोवर देव उबेत असतो. अठ्ठावीस युगं उभा असलेल्या देवाला कानपट्टी बांधताना पुजारी जे करतो, ते पंढरपुरातल्या कोणत्याही घरात आजोबांसाठी कुणीतरी करतच असतं.

हा भाव कोर्टालाही चुकला नाही. कोलकात्याच्या मल्लिक घराण्यात कुलदैवताच्या मूर्तीवरून वाद झाला. पाळी ज्याची, त्याने मूर्ती आपल्या घरी न्यावी की नाही, एवढाच मुद्दा. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1925 च्या निकालात न्यायमूर्तींनी म्हटलं की हिंदू मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, ती म्हणजे घरातली हलवाहलव करायची वस्तू नव्हे, आणि तिने कुठे राहायचं याबाबत तिची इच्छा विचारात घ्यायला हवी. ती इच्छा कोर्टापुढे मांडायला तटस्थ प्रतिनिधी नेमावा, असंही ठरलं. देवाच्या राहण्याची सोय हा असा कायद्यानेही गंभीरपणे घेतलेला विषय आहे.

इथवर सगळं गोड आहे. खरी अडचण पुढेच सुरू होते. देवाला थंडी वाजते असं धरून वागल्याने माणूस काय शिकतो, हे दिसलं. पण त्याच वागण्यामुळे काय विसरता येतं, हेही पाहायला हवं. गाभाऱ्यात शेगडी आणि पायरीवर कुडकुडणारा माणूस, हे दृश्य भारतात कुठेही दिसतं. देवाच्या शालीची पावती फाडली की थंडीचा हिशेब मिटल्यासारखा वाटतो. सेवेचा सिद्धान्त जितका हळुवार, तितकी ही पळवाट सोपी.

वारकरी परंपरेला ही पळवाट ठाऊक होती. नामदेवांच्या पुढ्यातली पोळी कुत्र्याने पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ही कथा सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात कुत्र्याला देव मानण्यापेक्षा तूप जास्त महत्त्वाचं आहे. पोळी तर गेलीच होती. देव सर्वत्र आहे म्हणून नामदेव स्वस्थ बसू शकले असते. तूप घेऊन धावणं म्हणजे समोरच्याच्या घशाला काय टोचेल याचा विचार करणं. पूजेत नैवेद्यावर तूप वाढताना जो विचार शिकवला जातो, तोच इथे देवळाबाहेर रस्त्यावर आला.

गाडगेबाबांनी (1876–1956) तर हा प्रश्न आयुष्यभर उभा केला. पंढरपूरला ते वर्षानुवर्षं गेले. वाळवंटात कीर्तन केलं, रस्ते झाडले आणि यात्रेकरूंच्या डोक्यावर छप्पर उभारलं. उघड्याला वस्त्र आणि बेघराला आसरा या दोन गोष्टी त्यांच्या दहा सूत्रांत आहेत. पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली. मुंबईत दादरच्या धर्मशाळेत परगावाहून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही उतरतात. देवळाला त्यांचा विरोध होता असं म्हणून ही गोष्ट सोपी करता येते, पण ती तेवढी सोपी नाही. त्यांनी देवळातल्या सेवेचाच शब्दकोश उचलला, म्हणजे जेवण, वस्त्र, निवारा, स्वच्छता. आणि सेवा कुणाची करायची ते नाव बदललं.

अहिल्याबाई होळकरांनी (1725–1795) दोन्ही नावं एकाच खतावणीत ठेवली होती. काशी, सोमनाथ आणि इतर अनेक ठिकाणी त्यांनी मंदिरं उभारली, पूजेची व्यवस्था लावली. आणि बद्री-केदारच्या वाटेवर धर्मशाळा बांधल्या. त्या काळी हा प्रवास पायी, महिनोन्‌महिन्यांचा. वाटेत रात्र कुठे काढायची हा जिवाचा प्रश्न असे. बद्रीनाथाच्या घराची बेगमी करायची तर तिथवर पोचणाऱ्या माणसाच्या रात्रीचीही करायला हवी, हा हिशेब महेश्वरात बसून एका राज्यकर्तीने केला होता.

या हिशेबाची परीक्षा जानेवारी 2023 मध्ये जोशीमठात झाली. शंकराचार्यांची गादी हिवाळाभर जिथे असते तेच हे गाव. कडाक्याच्या थंडीत तिथल्या 800 हून अधिक घरांना आणि इमारतींना तडे गेले. भिंती फाटल्या, फरशा खचल्या, एके ठिकाणी जमिनीतून गढूळ पाणी वाहू लागलं. शेकडो कुटुंबांना हॉटेलं, शाळा आणि सरकारी इमारतींत हलवावं लागलं. त्यात बर्फ पडलं. लोकांनी जनावरांचं काय करायचं हे विचारलं, आणि त्याला धड उत्तर नव्हतं. ज्या महिन्यात वर बद्रीनाथ तुपाच्या कांबळ्यात होते आणि नृसिंह मंदिरात नित्यपूजा चालू होती, त्याच महिन्यात त्या देवळाच्या पंचक्रोशीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून एकेका खोलीत चूल मांडून बसली होती.

नृसिंहाच्या मूर्तीबद्दल एक आख्यायिका आहे. तिचं एक मनगट दिवसेंदिवस बारीक होतं आहे. ते तुटेल तेव्हा जय-विजय हे डोंगर एकमेकांना मिळतील, बद्रीनाथाची वाट बंद होईल आणि पूजा भविष्यबद्रीला होईल. तडे गेले तेव्हा अनेकांना ही कथा आठवली. पण इशारा देणारं दुसरं एक कागदपत्रही होतं आणि त्यात चमत्कार काही नव्हता. गढवालचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीने 1976 मध्येच सांगितलं होतं की जोशीमठ जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेलं आहे. जड बांधकामं नकोत, उतारावरचे धोंडे फोडून काढू नका, झाडं लावा, सांडपाणी आणि पावसाचं पाणी मुरू नये म्हणून पक्की गटारं करा, अशा त्या शिफारसी. पुढच्या जवळपास अर्धशतकात हॉटेलं वाढली, रस्ते रुंदावले, खाली जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खणला गेला. रहिवाशांनी बोगद्याकडे बोट दाखवलं, कंपनीने संबंध नाकारला. गटारं मात्र पुरी झाली नाहीत, याबद्दल फारसा वाद नव्हता.

आता उत्तराखंडात हिवाळी यात्रेला चालना दिली जाते आहे. वरची देवळं बंद असली तरी उखीमठ, मुखबा, खरसाली आणि पांडुकेश्वर-जोशीमठ इथल्या हिवाळी मुक्कामी देवदर्शन घ्या, असं आवाहन आहे. 2023 च्या डिसेंबरात ज्योतिर्मठाच्या शंकराचार्यांनी स्वतः अशी यात्रा केली. मार्च 2025 मध्ये पंतप्रधान मुखब्याला गेले. बाराही महिने रोजगार मिळेल म्हणून गावकऱ्यांना ते हवं आहे, आणि त्यांची बाजू खोटी नाही. 1962 च्या युद्धानंतर तिबेटचा व्यापार थांबल्यापासून माणासारख्या गावांचा लोकरीवरचा संसार आटत गेला. पण सहा महिने माणसांचे, सहा महिने देवांचे, या वाटणीचा एक व्यवहारी अर्थही होता. त्या सहा महिन्यांत डोंगरावरची वर्दळ थांबायची. खालच्या मुक्कामांवर बाराही महिने गर्दी आली तर त्या गावांना अशी उसंत कोण देणार?

शबरस्वामींचा निष्ठुर मुद्दा इथे कामाला येतो. देवता काहीच घेत नसेल, तर कांबळ्याची लोकर, शेगडीतला कोळसा, यात्रेकरूच्या खोलीतलं गरम पाणी आणि त्या खोलीचं सांडपाणी, हे सगळं माणसांच्याच खात्यावर पडतं. उलट श्रीवैष्णवांचं ऐकायचं, तर जो स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतो त्याची काळजी घेणं हाच धर्म. आणि डोंगरउतारावरचं गाव वरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हवाली असतं. दोन्ही वाटांनी गेलं तरी मुक्काम जोशीमठच्या त्या अपुऱ्या गटारांपाशीच येतो. मिश्रा समितीच्या शिफारसींत धार्मिक काही नाही. तरी दार लावण्याच्या पाच दिवसांच्या यादीत गणपतीपासून थोरल्या दिरांपर्यंत प्रत्येकाचा मान सांभाळणाऱ्या देवस्थानाने, त्या देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या सरकारने आणि पावती फाडणाऱ्या यात्रेकरूने ही गटारं, ती झाडं आणि न फोडलेले धोंडे देवाच्या हिवाळी सेवेत का धरू नयेत, हे विचारायला मीमांसक असायची गरज नाही.